एकशे एक सेकंद : वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलेलं 'एम्परर अशोक'

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांना मध्येमध्ये विमानांचा आवाज आला असेल. मागच्या वेळी दोघातिघांनी कळवलं होतं की ऑडिओत घरघर येते, माइक बदला. माइकचा दोष नाही. मी अंधेरी पूर्वेला मरोळला राहतो, खिडकी घट्ट लावली तरी दर दोन मिनिटांनी कोणीतरी डोक्यावरून जातंच. इतर विषयांच्या भागांत मी तो आवाज कापतो. या भागात कापला नाही, राहू दिला. खाली जे वाचताय ते त्याच भागाचं लिखित रूप, थोडं नीटनेटकं करून.

विमान अपघात हा काही माझा लहानपणापासूनचा विषय नाही. मी सॉफ्टवेअरवाला. बीटेक झालो आणि सीप्झच्या आसपासच्या काचेच्या इमारतींत नोकऱ्या करतोय. २८ जून २०१८ ला घाटकोपर पश्चिमेला जीवदया लेनमध्ये बांधकाम चालू असलेल्या इमारतीजवळ एक छोटं किंग एअर विमान कोसळलं, विमानातले चौघं आणि रस्त्यावरून जाणारा एक माणूस गेला, तेव्हा मी बातमी बघितली आणि विसरलो. बांधकामावरचे मजूर जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडले होते, एवढंच लक्षात राहिलं. खरं वाचायला लागलो ते १२ जून २०२५ नंतर. अहमदाबादचं एअर इंडिया १७१. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्या दिवशी निकाल लागला होता. महिन्याने प्राथमिक अहवाल आला. त्यात दोन पायलटांच्या संभाषणातल्या दोन ओळी होत्या: एक विचारतो इंधन का बंद केलंस, दुसरा म्हणतो मी नाही केलं. त्यावर ग्रुपवर दुसरा निकाल लागला. आता आरोपी वेगळा, पण खात्री तेवढीच.

मला त्या खात्रीचं कुतूहल वाटलं. म्हणून जुन्या गोष्टी शोधायला लागलो, आणि कळलं की आपल्या सांताक्रूझ विमानतळाने, म्हणजे आता ज्याला आपण टी-१, टी-२ म्हणतो त्याने, सत्तरच्या दशकात आणि ऐंशीच्या सुरुवातीला मिळून सहा वर्षांत तीन मोठे अपघात बघितलेत.

पहिला १२ ऑक्टोबर १९७६ चा. इंडियन एअरलाइन्सचं कॅराव्हेल, मुंबई–मद्रास. उड्डाण क्रमांक, योगायोग बघा, १७१. मूळ विमान बिघडलं म्हणून ऐनवेळी बदली दिलेलं हे विमान. उडाल्यावर इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधली एक चकती धातूच्या थकव्यामुळे फुटली, तुकड्यांनी इंधनाची नळी कापली, आग लागली. पायलटने परत वळवलं, पण धावपट्टीच्या अलीकडेच ते पडलं. ९५ माणसं होती, एकही वाचलं नाही. मल्याळम अभिनेत्री राणी चंद्रा, तिची आई आणि बहिणी त्यात होत्या.

तिसरा २१ जून १९८२ चा. एअर इंडियाचं बोइंग ७०७, 'गौरीशंकर', क्वालालंपूरहून मद्रासमार्गे येत होतं. मुसळधार पावसात उतरताना आपटलं आणि मोडलं. १११ पैकी १७ गेले, बाकीचे वाचले.

या दोन्हींवर वेगळे भाग होतील. आज मधला.

१ जानेवारी १९७८. रविवार होता. बाबा तेव्हा अकरा वर्षांचे, वांद्रे पूर्वेच्या सरकारी वसाहतीत राहायचे. बाबांचं म्हणणं, त्यांनी आवाज ऐकला. आजीचं म्हणणं, काही ऐकलं नाही याने, हा शेजारच्यांच्या टीव्हीसमोर बसला होता आणि दुसऱ्या दिवशी पेपर आल्यावर याला आवाज ऐकू आला. हा वाद आमच्याकडे सत्तेचाळीस वर्षं चालू आहे. आजी अजूनही हरलेली नाही.

विमान होतं एअर इंडियाचं बोइंग ७४७. नाव 'एम्परर अशोक'. १९७१ मध्ये एअर इंडियाकडे आलेलं पहिलं जम्बो. आपल्या घरात कुणी जुनं माणूस असेल तर विचारा, खिडक्यांभोवती राजवाड्याच्या झरोक्यासारख्या कमानी रंगवलेलं ते विमान त्यांना आठवेल. लोक ते बघायला विमानतळावर जायचे. त्या संध्याकाळी ते दुबईला निघालं होतं, उड्डाण क्रमांक ८५५. आत १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी. कॅप्टन मदनलाल कुकर, वय ५१. को-पायलट इंदू विरमानी, वय ४३. त्यांच्या मागे फ्लाइट इंजिनिअर आल्फ्रेडो फारिया, वय ५३. आता कॉकपिटमध्ये दोनच माणसं असतात, तेव्हा तिसरा असायचा. त्याचं टेबल बाजूला, आणि दोन्ही पायलटांच्या मधून त्याला समोरची उपकरणं दिसायची. हा तिसरा माणूस लक्षात ठेवा.

रात्री ८ वाजून ४१ मिनिटांच्या सुमारास रनवे २७ वरून विमान उडालं. २७ म्हणजे होकायंत्रावर २७० अंश, तोंड थेट पश्चिमेला. म्हणजे वाटेत आधी पार्ल्याची, जुहूची वस्ती, दिवे, मग एकदम समुद्र. मार्गशीर्षाचा कृष्णपक्ष होता, चंद्र उगवायला मध्यरात्र व्हायची होती. तुम्ही जुहूच्या वाळूवर रात्री पाठ शहराकडे करून उभे राहिलात तर कळेल मी काय म्हणतोय. समोर एकच काळा पडदा असतो, आभाळ कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं याचा पत्ता नाही. आणि मागे कितीही लखलखाट असला तरी कॉकपिटला मागची काच नसते.

किनारा ओलांडल्यावर ठरल्याप्रमाणे विमान थोडं उजवीकडे वळलं. दुबई त्याच बाजूला. वळण पूर्ण झालं, पंख पुन्हा सरळ झाले. इथपर्यंत सगळं रोजचं. मग विमान डावीकडे कलायला लागलं, आणि कलतच गेलं. नव्वद अंशांच्याही पुढे. म्हणजे पंख उभा होऊन पलीकडे झुकला, जवळजवळ उलटं व्हायला लागलं. जमीन सोडल्यापासून १०१ सेकंदांनी ते नाक खाली करून समुद्रात घुसलं, किनाऱ्यापासून तीनेक किलोमीटरवर. पाणी जेमतेम दहा मीटर खोल. २१३ पैकी कुणी वाचलं नाही. नकाशा उघडून बघा: धावपट्टीची रेषा पुढे वाढवली तर जुहूवरून जाते, आणि अवशेष सापडले ते वांद्र्यासमोर. जायचं होतं उजवीकडे, पडलं डावीकडे.

पहिला संशय घातपाताचा होता. साहजिक आहे, जम्बोसारखं विमान, अनुभवी कॅप्टन, हवा स्वच्छ, मग काय होणार? बॉम्बच. पण समुद्रातून अवशेष निघाले, ब्लॅक बॉक्स निघाले, तेव्हा स्फोटाची काही खूण सापडली नाही. कॉकपिटमधल्या आवाजांच्या टेपवर वेगळीच गोष्ट होती.

ती सांगायच्या आधी एका यंत्राबद्दल बोलावं लागेल.

पायलटच्या समोर बरोब्बर मध्यभागी एक गोल असतो. वरचा भाग आभाळाचा, खालचा जमिनीचा, मध्ये रेघ. विमान उजवीकडे कललं की ती रेघ तिरकी होते. याला म्हणायचं कृत्रिम क्षितिज. ७४७ मध्ये जे होतं त्याचं नाव ॲटिट्यूड डायरेक्टर इंडिकेटर, एडीआय. बाहेर खरं क्षितिज दिसत नसेल तेव्हा पायलटसाठी जगाची वर-खाली बाजू म्हणजे ही रेघ.

तुम्ही म्हणाल, पण माणसाला कळत नाही का आपण वाकडे झालोय ते? नाही कळत. हे मलाही पटत नव्हतं. विमान व्यवस्थित वळण घेत असेल तर शरीरावरचं वजन सीटच्या दिशेनेच दाबत राहतं. ट्रेवरचा चहाचा कप बघा, विमान तीस अंश कललेलं असताना चहा कपाच्या काठाशी समांतरच राहतो. आपल्या कानाच्या आतला द्रवही तसाच, तो चहाच आहे म्हणा ना. हळू सुरू झालेलं कलणं त्याला कळतच नाही. आणि एखादं वळण बराच वेळ घेऊन सरळ झालात तर तो उलटीच बातमी देतो. जत्रेतल्या फिरत्या पाळण्यातून उतरल्यावर जमीन उलट्या बाजूला फिरते ना, तसं. म्हणून रात्री समुद्रावर उडणाऱ्या पायलटला पहिल्या दिवसापासून एकच शिकवतात: अंगाला काय वाटतंय ते सोड, यंत्रावर विश्वास ठेव.

आता ७४७ मध्ये अशी तीन क्षितिजं होती. एक कॅप्टनसमोर, एक को-पायलटसमोर, आणि मध्ये एक छोटं, राखीव. तिन्हींना माहिती पुरवणारे स्रोत वेगवेगळे. आमच्या भाषेत याला रिडन्डन्सी म्हणतात, आणि तीन ही संख्या उगाच नाही. दोन घड्याळं वेगळी वेळ दाखवत असतील तर खरी वेळ कळत नाही. तीन असतील तर दोघांचं बहुमत घेता येतं.

तर काय झालं? ते उजवं वळण पूर्ण होऊन विमान सरळ झालं, पण कॅप्टन कुकर यांच्या समोरचं क्षितिज सरळ झालं नाही. ते उजवीकडे कललेलंच अडकलं. कॅप्टनच्या डोळ्यांना दिसतंय की विमान अजून उजवीकडे कललंय. त्यांनी काय करावं? डावीकडे वळवावं. त्यांनी तेच केलं. यंत्र हलत नाही. अजून डावीकडे. विमान आज्ञाधारकपणे डावीकडे कलत चाललंय आणि यंत्र सांगतंय, उजवीकडेच आहात.

मग टेपवर कॅप्टनचा आवाज येतो, काहीतरी गडबड आहे, माझं यंत्र... त्यावर को-पायलट विरमानी म्हणतात, माझंही उलटलंय.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे वाचायचं थांबलो.

कारण विरमानी यांचं यंत्र उलटलेलं नव्हतं. उपलब्ध पुराव्यानुसार ते ठीक चालत होतं. ते दाखवत होतं की विमान डावीकडे भयंकर कललंय, आणि विमान खरोखर डावीकडे भयंकर कललं होतं. पण दोनशे तेरा माणसं भरलेलं जम्बो, उडून दीड मिनिट झालेलं, असं कधी कलत नाही. जन्मात कधी त्या गोलावर तसं चित्र बघितलेलं नसतं. म्हणून जे खरं होतं तेच बिघडल्यासारखं दिसलं.

बहुमताचा सगळा हिशेब इथे कोसळला. तीनपैकी दोन यंत्रं बरोबर होती. पण मतमोजणी करणारं यंत्र तिथे नव्हतं, मतमोजणी करत होता एका माणसाचा मेंदू, अंधारात, घाईत. आणि एका बरोबर मतदाराला स्वतःच्याच डोळ्यांनी बाद ठरवलं गेलं. आता कॅप्टनच्या बाजूने हिशेब काय? माझं बिघडलंय, याचंही बिघडलंय.

मग तिसरा माणूस. फ्लाइट इंजिनिअर फारिया यांनी राखीव क्षितिजाकडे पाहिलं असावं, कारण ते सांगतात, त्याच्यावर जाऊ नका, त्याच्यावर जाऊ नका. दोनदा. त्या केबिनमध्ये परिस्थिती सगळ्यात नीट कळलेला माणूस तोच होता, आणि त्याच्या हातात स्टिअरिंग नव्हतं. त्यानंतर फार वेळ उरला नाही.

अधिकृत चौकशीने जे कारण लिहिलं त्याचा मथितार्थ असा: कॅप्टनचा एडीआय बिघडला, त्यामुळे त्यांना विमानाच्या स्थितीचं भान राहिलं नाही, आणि त्यांनी नियंत्रणांना अतार्किक हालचाली दिल्या. बाकीच्या उपकरणांच्या आधारे क्रूला विमान सावरता आलं नाही. 'अतार्किक' हा शब्द माझा नाही, मूळ इंग्रजीत 'इर्रॅशनल' असाच आहे.

माझं भांडण त्या एका शब्दाशी आहे.

जरा माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. दोनेक वर्षांपूर्वी, कंपनीचं नाव राहू दे, मी रात्रपाळीला ऑन-कॉल होतो. पहाटे तीनला फोन वाजला, सिस्टिम मंद झालीय. लॅपटॉप उघडला, ग्राफ बघितला. सर्व्हरवरचा ताण नव्वदच्या वर, सरळ रेघ. मी एक सर्व्हर वाढवला. रेघ हलेना. अजून एक. हलेना. मग वाटलं यातलाच कुठलातरी अडकलाय, म्हणून एकेक बंद करून पुन्हा चालू करत गेलो. दुसरा एक ग्राफ होता, तो उलट सांगत होता, ताण जवळजवळ शून्य. मी म्हटलं, हाही गेला वाटतं. चाळीस मिनिटांनी कळलं की पहिला ग्राफ रात्री दोनलाच गोठला होता, तो जुनाच आकडा दाखवत बसला होता. दुसरा खरा होता. ताण शून्य होता, कारण धडधाकट सर्व्हर मीच एकेक करून पाडत होतो.

कुणी मेलं नाही. काही लोकांचे व्यवहार अडकले, सकाळी दिलगिरीचे मेल गेले. पण अहवालात कारणाच्या रकान्यात दोन शब्द आले: मानवी चूक. नाव माझं नव्हतं, सगळ्यांना माहीत मात्र होतं. आणि खरं सांगतो, मला त्या दोन शब्दांचा राग आला नाही, सुटल्यासारखं वाटलं. कारण ते लिहिलं की पुढे कुणी काही विचारत नाही. तो ग्राफ गोठल्यावर गोठलाय असं का सांगत नाही, दोन ग्राफ एकमेकांशी भांडताना घंटी का वाजत नाही, हे कुणीही विचारलं नाही. मीही नाही. तो ग्राफ पुढे काही महिने तसाच होता.

म्हणून म्हणतो, कॅप्टन कुकर यांची हालचाल चुकीची होती, जीवघेणी होती, पण अतार्किक नव्हती. समोर उजवा कल दिसतोय म्हणून डावीकडे वळवणं याहून तार्किक काय असतं? तर्क ठीक होता, माहिती खोटी होती.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मीही आमच्या सोसायटीच्या ग्रुपसारखाच होईन. पायलटला फक्त त्या एका गोलावर उडायला शिकवलेलं नसतं. दिशा दाखवणारी तबकडी डावीकडे फिरत असणार. उंची कमी व्हायला लागली असणार, वेग वाढत असणार. या सगळ्यांवर नजर फिरवत राहायची, एकाने दगा दिला तर दुसऱ्यांवरून ताडायचं, हेच तर प्रशिक्षण. ते तिथे झालं नाही. मृतांच्या नातेवाइकांच्या वतीने अमेरिकेत सिॲटलच्या न्यायालयात बोइंगवर, आणि ती उपकरणं बनवणाऱ्या लिअर सीगलर आणि कॉलिन्स रेडिओ यांच्यावर दावा झाला होता. न्यायाधीश जेम्स फिट्झजेराल्ड यांनी १९८५ मध्ये कंपन्यांच्या बाजूने निकाल दिला, सगळा भार कॅप्टनवर गेला. अशा दाव्यात कंपन्यांचे वकील काय करणार ते वेगळं सांगायला नको. मेलेला पायलट साक्ष द्यायला येत नाही.

दोन्ही ठिकाणचा निष्कर्ष चूक आहे असं मी म्हणत नाही, माझी ती लायकीही नाही. प्रश्न वेगळा आहे. 'कॅप्टन चुकला' इथे वाक्य संपवलं तर पुढच्या कॅप्टनचं काय?

पुढच्या कॅप्टनचं काय झालं ते सांगतो.

२२ डिसेंबर १९९९. इंग्लंडमधला स्टॅनस्टेड विमानतळ. संध्याकाळचा अंधार. कोरियन एअरचं मालवाहू ७४७, उड्डाण ८५०९, मिलानला निघालं. विमान आपल्या अशोकाच्याच पिढीतलं, ७४७-२००. कॉकपिटमध्ये तसेच तिघे, शिवाय एक देखभालीचा इंजिनिअर सोबत. आधीच्या फेरीत कॅप्टनच्या बाजूचा एडीआय बरोबर चालत नाही अशी तक्रार आली होती. स्टॅनस्टेडला दुरुस्ती झाली, पण मूळ दोष राहूनच गेला. उडाल्यावर डावीकडे वळायचं होतं. कॅप्टनने वळवलं, पण त्यांच्या समोरचं क्षितिज सरळच. त्यांनी अजून डावीकडे घेतलं. क्षितिज सरळच. दोन एडीआय जुळत नाहीत असं सांगणारी घंटी वाजली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. को-पायलट गप्प. फ्लाइट इंजिनिअर ओरडतोय, बँक, बँक, म्हणजे कल बघा. पंचावन्न सेकंदांत विमान जमिनीवर. चौघेही गेले.

आता हे दोन्ही अपघात शेजारी ठेवून बघा. यंत्र तेच, अंधार तोच, मागे बसून ओरडणारा तिसरा माणूस तोच. मध्ये एकवीस वर्षं गेली, फक्त घंटी तेवढी स्पष्ट ऐकू आली. आणि घंटी वाजूनही काही झालं नाही, हे मला जास्त अस्वस्थ करतं. कारण आम्ही इंजिनिअर लोक कुठल्याही प्रश्नावर एक अलर्ट लावतो आणि मोकळे होतो.

को-पायलट का बोलला नाही? स्टॅनस्टेडच्या चौकशीत कॉकपिटमधल्या वरिष्ठ-कनिष्ठ नात्याची चर्चा झाली. वयाने आणि अनुभवाने कितीतरी मोठे कॅप्टन, त्यांना तोंडावर 'तुम्ही चुकताय' म्हणायचं कसं? हे कोरियाचंच असं समजू नका. मरोळच्या कुठल्याही ऑफिसात जा. मॅनेजर चुकीचं बटण दाबतोय हे दिसत असताना आपण काय म्हणतो? 'सर, एकदा चेक करायचं का?' एवढ्या सौम्य शब्दात की त्यांना ते ऐकू येऊ नये. त्या मानाने फारिया यांचं वाक्य बघा. सर नाही, कृपया नाही. जाऊ नका त्याच्यावर. कॉकपिटमध्ये असंच बोललं पाहिजे, हे आता जगभर शिकवतात, त्याला क्रू रिसोर्स मॅनेजमेंट म्हणतात. त्याची सुरुवात साधारण त्याच काळातली. मार्च १९७७ मध्ये तेनेरिफला दोन जम्बो धडकले, डिसेंबर १९७८ मध्ये पोर्टलँडला एका विमानाचं इंधन संपलं आणि इंधन संपतंय हे कॉकपिटमध्ये माहीत होतं. १९७९ मध्ये नासाने यावर परिषद घेतली. आपलं ८५५ या दोन अपघातांच्या बरोब्बर मध्ये येतं. तरी या विषयावरची इंग्रजी पुस्तकं चाळताना तेनेरिफ आणि पोर्टलँड लगेच भेटतात, वांद्र्याला क्वचितच कुणी थांबतं. मला वाटतं ते 'इर्रॅशनल' या शब्दामुळेही असेल. वेड्या माणसाकडून शिकायचं तरी काय?

जाता जाता एक गोष्ट. त्या अपघातानंतर बरोबर महिन्याने, १ फेब्रुवारी १९७८ ला, मोरारजी देसाई सरकारने जेआरडी टाटांना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केलं आणि निवृत्त एअर चीफ मार्शल पी. सी. लाल यांना बसवलं. अपघाताचा आणि त्याचा संबंध किती, यावर लोक अजून वाद घालतात, मी त्यात पडत नाही. तारखा शेजारी आहेत एवढंच.

आज काय बदललंय? बरंच. आताच्या विमानांत ते फिरते गोल नाहीत, पडदे आहेत. दोन बाजूंच्या पडद्यांवरचं क्षितिज जुळेनासं झालं की पडद्यावरच लिहून येतं. विमान फार कललं तर एक आवाज 'बँक अँगल, बँक अँगल' असं बोलून दाखवतो, म्हणजे फारियांचं काम आता एक पेटी करते. पायलटना विमान भलत्याच अवस्थेत गेलंय हे ओळखायचं आणि सावरायचं वेगळं प्रशिक्षण देतात. आणि फ्लाइट इंजिनिअर गेला. मागून बघणारा तो तिसरा माणूस आपण काढून टाकला. पेट्या जास्त भरवशाच्या आहेत, आकडे तेच सांगतात, तरी मला थोडं चुकल्यासारखं वाटतं.

हा भाग लिहून झाल्यावर मी एका रविवारी बाबांना घेऊन वांद्र्याला बँडस्टँडला गेलो होतो. संध्याकाळी आठ-साडेआठची वेळ मुद्दाम धरून. गर्दी होती, कणीसवाले होते. उजवीकडे लांब जुहूच्या बाजूने एकेक विमान उठत होतं, लाल-हिरवा दिवा, थोडा वेळ सरळ, मग वळून अंधारात. मी मोबाइलवर सेकंद मोजत होतो. एका विमानाचे पूर्ण १०१ मोजले. ते तोवर चांगलंच वर, लांब गेलं होतं. मी बाबांना विचारलं, इथून दिसलं असतं का? ते म्हणाले, दिसलं असतं की, कुणी ना कुणी बसलेलं असणारच इथे, रविवार होता. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. परतताना रिक्षात म्हणाले, आईला सांगू नकोस, पण आवाज मी ऐकला नव्हता बहुतेक.

आजी हे पॉडकास्ट ऐकत नाही, म्हणून इथे सांगतोय.

पुढच्या भागात जरा हलकं घेऊ. सप्टेंबर १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं एक डीसी-८ सांताक्रूझऐवजी चुकून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं, आणि त्याच्याही आधी, १९५३ मध्ये, बीओएसीच्या एका कॉमेटने तोच प्रताप केला होता. दोन्ही वेळा सगळे वाचले. पार्ले, जुहू, सांताक्रूझ भागात राहणाऱ्या कुणाच्या घरी त्या जपानी विमानाची आठवण असेल, आजी-आजोबांनी ते धावपट्टीपलीकडे रुतलेलं बघितलं असेल, तर जरूर कळवा. नाव सांगायचं नसेल तर नाव घेणार नाही. खिडकी लावून घेतो आता, दिल्लीचं विमान चाललंय. भेटू.